वर्षभर बाहेर बसलेली मुलगी

आजीला मी फोनवर सहज सांगितलं, "माझ्याकडे शिकायला एक मुलगी येते. बास्केटबॉल खेळते. पण यंदा वर्षभर बाहेर बसलीय."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आजी अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत कुणाला कळू नये अशा बेतानं म्हणाली, "वर्षभर? अगं, डॉक्टरला दाखवलं का तिला?"

मला उलगडायला दोन क्षण लागले आणि मग हसू आवरेना. 'सिट आउट'चं मी सरळ मराठी करून टाकलं होतं, आणि आमच्या मिरजेच्या घरात बाई बाहेर बसली म्हणजे एकच. कावळा शिवला. आजीनं स्वतः ऐन उमेदीची पंचवीसेक वर्षं, महिन्यातले तीन दिवस, मागच्या पडवीत काढलेली. तिच्या डोळ्यांसमोर तीच पडवी, तेच वेगळं ताट-भांडं, तीच घोंगडी आली असणार, आणि घोंगडीवर पाय न मावणारी सहा फूट दोन इंचांची अमेरिकन मुलगी. तीही बारा महिने.

मग मी तिला नीट समजावून सांगितलं. नीट म्हणजे माझ्या परीनं. आजीचं समाधान झालं नाही. "दुखापत नाही, नापास नाही, काही वावगं वागली नाही. मग बसवली कशाला?" हा तिचा प्रश्न. तिथं मला फार बरं उत्तर देता आलं नव्हतं. आजही येत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करायला आले. चारी बाजूंनी मका, मध्ये विद्यापीठ. भाडं निघावं म्हणून खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात शिकवण्याचं काम धरलं. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी आम्हा नव्या ट्यूटर मंडळींना तासभर फक्त काय करायचं नाही ते सांगितलं. खेळाडूंचा निबंध लिहून द्यायचा नाही. गाडीतून सोडायचं नाही. खायला द्यायचं नाही. पेन विसरून आले तर आपलं पेनसुद्धा द्यायचं नाही. बाकीच्या विद्यार्थ्यांना जे मिळत नाही ते खेळाडूला मिळालं की तो 'जादा फायदा', आणि तेवढ्यावरून त्याचं खेळणं अडचणीत येऊ शकतं. दिवाळीत आईनं पाठवलेला चकल्यांचा डबा मी सवयीनं टेबलावर उघडला आणि बाईंची आठवण होऊन तितक्याच घाईनं बंद केला. समोर बसलेली ती म्हणाली, "वास तर घेऊ शकते ना?"

ती म्हणजे हीच. नाव सांगत नाही, तिच्या आधीच्या विद्यापीठाचंही नाही. तिथं ती दोन हंगाम खेळली. ज्या कोचनी घरी येऊन, आईवडिलांसमोर सोफ्यावर बसून, "चार वर्षं तुमची मुलगी माझी जबाबदारी" असं सांगितलं होतं, त्या दुसऱ्या वर्षाअखेरीस जास्त पगारावर दुसरीकडे गेल्या. नव्या कोचना वेगळ्या पद्धतीचा खेळ हवा होता. म्हणून हिनं विद्यापीठ बदललं. जुन्या कोच नव्या ठिकाणी लगेच कामाला लागल्या आणि नोव्हेंबरात पहिल्याच सामन्याला साइडलाइनवर उभ्या होत्या. हिला मात्र नियमाप्रमाणे पूर्ण एक शैक्षणिक वर्ष एकही सामना खेळता येणार नव्हता.

(ट्रान्स्फरला 'बदली' म्हणावं तर मराठीत आणखी घोटाळा. बदली खेळाडू म्हणजे राखीव, कुणीतरी दमलं की आत जाणारा. आणि नोकरीतली बदली साहेब करतात, आपण मागत नाही. मागितली तरी मिळत नाही. माझे वडील सिंचन खात्यात होते, त्यामुळे हे घरचंच ज्ञान.)

अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांवर एनसीएए या संघटनेचं राज्य. तिच्या सर्वांत वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, असा नियम होता की खेळाडूनं विद्यापीठ बदललं तर आधी एक वर्ष तिथं नुसतं 'राहायचं'. सराव करायचा, शिष्यवृत्ती घ्यायची, वर्गात बसायचं. सामना नाही. कारण असं सांगत की नव्या जागी मूल अभ्यासात रुळायला पाहिजे. कारण ऐकायला गोजिरं आहे. पण मग पोहणाऱ्या मुलीला रुळायला नको? व्हॉलीबॉलवालीला? टेनिसवालीला? त्यांना पहिल्या बदलीला सूट होती, त्या लगेच खेळू शकत. सूट नव्हती ती पाचच खेळांना: अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, पुरुषांची आइस हॉकी, पुरुषांचं बास्केटबॉल आणि महिलांचं बास्केटबॉल. पाचांत मुलींचा खेळ एकच. म्हणजे या मुलींना बरोबरीचा मान मिळाला तो असा. पुरुषांच्या बास्केटबॉलइतका पैसा नाही, टीव्हीवर तितकी जागा नाही. बेडी तेवढी मापात सारखी.

कागदोपत्री तिचं काही बुडत नव्हतं. पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे असा तेव्हाचा हिशेब, त्यातलं रिकामं वर्ष आत्ता खर्च होणार, एवढंच. पण हे असं 'एवढंच' आपल्याकडच्या लोकांना सांगून बघा. वर्ष वाया गेलं हे तीन शब्द आपल्या घरांत किती खालच्या सुरात उच्चारतात ते मला माहीत आहे. माझ्या मावसभावानं मेडिकलसाठी बारावीनंतर एक वर्ष घेतलं तेव्हा मावशी लग्नाकार्याला जायची बंद झाली होती.

तिच्या वर्षाचं वेळापत्रक मला जवळजवळ पाठ झालं होतं, कारण शिकवणीच्या वेळा त्यावरून ठरायच्या. पहाटे वजनं उचलणं, मग वर्ग, दुपारी सराव, संध्याकाळी सात ते नऊ माझ्यासमोर. सगळं बाकीच्या मुलींसारखंच. फरक सरावात होता. तिथल्या महिला संघांत एक पद्धत आहे, कॉलेजातली मुलं सरावापुरती विरुद्ध संघ म्हणून बोलवायची. हौशी मुलं, शाळेत बरं खेळलेली, पुरुषांच्या संघात जागा न मिळालेली. पैसे नाहीत, सामने नाहीत, एखादा टी-शर्ट आणि बूट मिळाले तर मिळाले. या मुलांबरोबर तिला उभं करत. त्या गटाला स्काउट टीम म्हणतात. पुढच्या आठवड्यात ज्या संघाशी सामना, त्याची सोंगं यांनी वठवायची.

"या आठवड्यात मी कोण आहे माहितीये?" ती आल्या आल्या विचारायची. कधी ती डाव्या हाताची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू, असायची, कधी तीन पावलं मागं सरकून शॉट मारणारी. अंगात घालायला जाळीचं पातळ बनियन, त्यावर समोरच्या संघातल्या स्टारचा नंबर. सोमवारी नवा नंबर. डावखुऱ्या सेंटरच्या आठवड्यात ती माझ्यासमोर गणितंसुद्धा डाव्या हातानं लिहायची. अक्षर इतकं भयंकर की तिच्या वर्गमूळाच्या चिन्हाला मी सात समजले आणि उत्तर चुकीचं ठरवलं. ती म्हणाली, "उत्तर बरोबर आहे. हात दुसऱ्याचा आहे."

मला हे सुरुवातीला मजेचं वाटायचं. नंतर एकदा तिला विचारलं की तुझा स्वतःचा नंबर काय. तिनं सांगितला, पण सांगण्याआधी क्षणभर थांबली.

घरच्या सामन्यांना ती बेंचवर असायची, साध्या कपड्यांत. साधे म्हणजे साधे नव्हेत. संघाचा रिवाज असा की बेंचवर बसणाऱ्यांनी नीटनेटकं, ऑफिसला जाणाऱ्यासारखं यायचं. सहा फूट दोन इंचांच्या मुलीला त्या गावात पँट कुठून मिळणार? तिच्याकडे दोन होत्या, एक काळी आणि एक करडी, दोन्ही घोट्याच्या वर थांबणाऱ्या. सोळाएक सामने त्या दोन पँटी आळीपाळीनं. टाइमआउट झाला की सगळ्या मुली घामानं निथळत कोचभोवती गोळा व्हायच्या आणि कडेला ही, कोरडी, इस्त्री केलेली. मांडीवर क्लिपबोर्ड. आपल्या मुलींचा हात किती चेंडूंना लागला ते मोजायचं काम तिच्याकडे दिलेलं. हात लागून चेंडूची दिशा बदलली की एक रेघ. स्कोअरबोर्डावर ही गोष्ट दिसत नाही, पण कोचना ती हवी असते. पाच रेघांचा एक गट, आपण लहानपणी वाण्याच्या वहीत बघायचो तसा. बाहेरगावच्या सामन्यांना ती जात नसे. संघ विमानानं जायचा, ही अभ्यासकेंद्रात माझ्या लॅपटॉपवर नव्हे, स्वतःच्या लॅपटॉपवर (जादा फायदा!) सामना बघायची आणि रेघा ओढायची. त्या कुणी मागितलेल्या नसायच्या.

शाळेत मी खो-खो खेळायचे. बरी धावायचे, पण संघात उंचीनं सगळ्यांत लहान. आठजणी पाटीवर एकीआड एक उलटसुलट तोंडं करून उकिडव्या बसलेल्या, एक पाय पुढे, बोटं मातीत रुतवलेली. त्या बसण्यात सगळं शरीर उठायला टपलेलं असतं. पाठीवर थाप पडायची वाट. मला खो फारसा मिळायचा नाही, तो भाग वेगळा, पण मिळेल ही शक्यता प्रत्येक क्षणाला असायची. तिच्या बसण्यात ती शक्यताच काढून घेतलेली होती. पाचही जणींचे पाय मोडले असते तरी तिला कुणी आत पाठवलं नसतं. तरी ती टाइमआउटला बेंचवरून सगळ्यात आधी उठायची.

फेब्रुवारीत तिच्या वर्गाला एक प्रकल्प होता. कुठलीही आकडेवारी घ्या, एक्सेलमध्ये मांडा, सरासरी आणि विचलन काढा. तिनं स्वतःच्या संघाचीच घेतली. बारा मुलींची नावं, पुढं सामने, मिनिटं, गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू). सरासरी काढली तर अपेक्षेपेक्षा कमीच आली! ती वैतागली. मी स्क्रीन माझ्याकडे वळवला. शेवटच्या ओळीत तिचं नाव होतं आणि पुढं सगळीकडे शून्य.

"हे शून्य कुठून आले?"

"रिकामं होतं. मीच भरले. फॉर्म्युला चालेल म्हणून."

मी तिला जे दर सेमिस्टरला दर विद्यार्थ्याला सांगते ते सांगितलं. जे मोजलंच गेलं नाही ते शून्य नसतं. शंभर मिनिटं खेळून एकही गुण न करणारीचं शून्य, आणि न खेळलेलीची रिकामी चौकट, या दोन वेगळ्या गोष्टी. चौकट रिकामीच सोड, एक्सेल ती आपोआप बाजूला ठेवतं. तिनं एकेक शून्य पुसलं. पुसताना काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी बघितलं तर तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं एक चौकट काढलेली होती. आत काही नाही.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूचं एक पान असतं. सहकाऱ्यांच्या पानांवर त्या वर्षाखाली दहा-दहा ओळी आहेत: कोणाविरुद्ध किती गुण, कितव्यांदा दुहेरी आकडा. तिच्या पानावर २०१६-१७ खाली एकच ओळ. ट्रान्स्फरच्या नियमामुळे हंगामभर बाहेर बसली. मी अधूनमधून ते पान उघडते. अजून आहे.

त्याच सुमारास मी आजीला एक शहाणपण सांगायला गेले. म्हटलं, एका अर्थी बरंच आहे गं, तिला शरीराला विश्रांती मिळतेय, अभ्यासाला वेळ मिळतोय. तुम्हालाही पूर्वी तेवढीच तीन दिवस विश्रांती असायची ना? हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं. जुन्या रूढींमागं कसं शास्त्र होतं हे सांगणारे लोक ते नेहमी म्हणतात.

आजी सहसा चिडत नाही. त्या दिवशी चिडली. "विश्रांती कसली गं? विश्रांती म्हणजे आपण म्हणावं, मी जरा पडते. तिथं पाणीसुद्धा लांबून ओतायचे. थंडीत दाराला कडी आतून त्यांची." मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "वाचायचे मात्र मी. तुझे आजोबा वाचनालयातून मासिकं आणायचे, ती पडवीत सरकवून ठेवायचे. एरवी हातात पुस्तक दिसलं की सासूबाई काम सांगायच्या. पडवीत कोण सांगणार? शिवायचं नाही ना मला!" आणि हसली. पण लगेच, "ते मी केलं हो. पडवीनं नाही केलं."

ते वाक्य मी त्या रात्री लिहून ठेवलं. आजीची वाक्यं लिहून ठेवायची सवय मला तेव्हापासून लागली.

वर्षभर बाहेर बसलेल्यांची एक अदृश्य जमात होती, आणि ती तिच्यामुळे मला दिसायला लागली. तिला सगळ्या माहीत होत्या. क्रिकेटवेड्या मुलाला रणजीचे राखीव खेळाडू माहीत असावेत तशा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं २०१३ मध्ये देशातल्या नामांकित चार मुली एकदम घेतल्या होत्या. नव्या भरतीत त्या तुकडीचा क्रमांक पहिला लावला गेला होता. दोन वर्षांत चौघीही गेल्या. विद्यापीठावर शैक्षणिक गैरव्यवहाराच्या चौकशीचं सावट होतं. डायमंड डीशील्ड्स टेनेसीला, स्टेफनी माव्हुंगा ओहायो स्टेटला, जेसिका वॉशिंग्टन कॅन्ससला, अलीशा ग्रे साउथ कॅरोलायनाला. चार दिशांना चार, आणि चौघी एकेक वर्ष बाहेर. "चार मुली, चार वर्षं," ती बोटांवर मोजून म्हणायची, "आणि घोटाळा त्यांनी केला नव्हता."

अलीशा ग्रे तिची विशेष लाडकी. साउथ कॅरोलायनात ग्रे आणि जॉर्जिया टेकहून आलेली केला डेव्हिस या दोघी २०१५-१६ चं पूर्ण वर्ष एकत्र बाहेर बसल्या. पुढच्या हंगामात दोघी आत आल्या. म्हणजे हिच्या रिकाम्या वर्षीच त्यांचं भरलेलं वर्ष चालू होतं.

त्या मार्च-एप्रिलचे सामने आम्ही विद्यार्थी भवनातल्या मोठ्या टीव्हीवर बघितले. सार्वजनिक टीव्ही, कुणाला कसलाही फायदा नाही, मी खात्री करून घेतली. ३१ मार्चला डॅलसमध्ये उपांत्य सामना. कनेटिकटचा संघ सलग १११ सामने जिंकून आलेला. हरणं ही गोष्ट तिथल्या मुलींना कुणी सांगितलीच नव्हती. जादा वेळेत, अगदी शेवटच्या क्षणाला, पाच फूट पाच इंचांच्या मॉर्गन विल्यमनं चेंडू टाकला आणि मिसिसिपी स्टेट ६६-६४ नं जिंकलं. भवनात अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. ही मात्र खुर्चीतच. म्हणाली, "अझुरा स्टीव्हन्स."

अझुरा स्टीव्हन्स ड्यूक सोडून कनेटिकटला आली होती. सहा फूट सहा इंच. त्या वर्षी तीही बाहेर. दोन गुणांनी हरलेल्या संघाकडे साडेसहा फुटांची खेळाडू होती आणि तिला आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. हे त्या हॉलमध्ये किती जणांच्या मनात आलं असेल? माझ्या तर नक्कीच आलं नव्हतं. (स्टीव्हन्स पुढं त्या संघाकडून एकच हंगाम खेळली आणि २०१८ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये गेली. एका वर्षासाठी एक वर्ष थांबली. व्याजाचा दर बघा.)

दोन दिवसांनी अंतिम सामना. साउथ कॅरोलायनाची उंच सेंटर अलेना कोट्स घोट्याच्या दुखापतीनं स्पर्धेबाहेर होती. संघाची स्टार आजा विल्सन होती, पण तिच्याभोवती आता सगळ्या गार्डच, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणाऱ्या. त्यांत ग्रे आणि डेव्हिस. म्हणजे गेल्या वर्षी इस्त्रीच्या कपड्यांत बसलेल्या दोघी आता तो संघ उचलून धरत होत्या. ६७-५५. कोच डॉन स्टेली यांच्या संघाचं हे पहिलं विजेतेपद. वरून कागदाचे कपटे पडायला लागले तेव्हा मी हिच्याकडे बघितलं. रडत असेल असं वाटलं होतं. ती पेन्सिलनं टिश्यू पेपरवर काहीतरी लिहीत होती. रेघा. ग्रेचा हात लागलेले चेंडू.

ग्रे पुढं त्याच डॅलस शहराच्या व्यावसायिक संघात निवडली गेली, त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित ठरली, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये तीन-तीन जणींच्या बास्केटबॉलचं सुवर्णपदक घेऊन आली. नियमाची बाजू घेणारे लोक अशी उदाहरणं हटकून देत. बघा, थांबली म्हणून घडली. मला त्यावर पडवीचं वाक्य आठवतं, आणि मग वाद घालावासा वाटत नाही.

आता हे सगळं इतिहासजमा झालंय. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदवही, आलं. त्याआधी विद्यापीठ सोडण्यासाठी विद्यापीठाचीच परवानगी लागे, आणि ते अडवूही शकत. २०१४ साली कॅन्सस स्टेटनं स्पेनहून आलेल्या लेतिसिया रोमेरोला, तिच्या कोचना काढून टाकल्यावर, जाऊ द्यायलाच नकार दिला होता. बरीच बोंब झाल्यावर सोडलं, मग ती फ्लोरिडा स्टेटला गेली. पोर्टलनं ही आडकाठी गेली, पण बाहेर बसायचा नियम राहिला. त्यातून सुटायला अर्ज करायचा. अर्जाचा निकाल म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या कचेरीसारखा. कुणाचा का मंजूर आणि कुणाचा का नामंजूर हे बाहेरच्याला कळायचा मार्ग नाही. नेब्रास्काहून नोत्र दामला गेलेल्या जेसिका शेपर्डला २०१७ मध्ये सूट मिळाली. ती लगेच खेळली आणि त्याच हंगामात संघ विजेता झाला. टेनेसीनं २०१९ मध्ये कोचना काढल्यावर कनेटिकटला गेलेल्या एव्हिना वेस्टब्रुकला नाही मिळाली. अपील केलं, तेही फेटाळलं. त्याच वर्षी टेक्सासहून ऑरेगनला गेलेल्या सेडोना प्रिन्सलाही नाही.

या सेडोना प्रिन्सचं नाव नंतर जगभर झालं. मार्च २०२१ मध्ये सॅन अँटोनियोतल्या स्पर्धेत मुलींना व्यायामाला दिलेली जागा तिनं मोबाइलवर दाखवली. डंबेल्सचा एक लहानसा स्टँड, आणि पुरुषांच्या स्पर्धेत भलामोठा सुसज्ज हॉल. काही दिवसांत मुलींना साहित्य आलं. त्याआधी, २०२० मध्ये, एका पोहणाऱ्या मुलाबरोबर तिनं एनसीएएवर दावाही ठोकलेला होता. तो २०२५ मध्ये अब्जावधी डॉलर्सच्या तडजोडीनं मिटला आणि खेळाडूंना विद्यापीठांकडून थेट पैसे मिळायची वाट मोकळी झाली. वर्षभर कडेला बसवलेल्या माणसाला सगळं मैदान दिसतं, हे बसवणाऱ्यांच्या लक्षात येत नसावं.

एप्रिल २०२१ मध्ये पाचही खेळांना एकदा लगेच खेळायची मुभा मिळाली. दुसऱ्या-तिसऱ्या बदलीचा अडसर वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये रोखला आणि २०२४ मध्ये तो नियमातूनच गेला. २०२१ च्या मुभेनंतर अँजेल रीस मेरीलँडहून लुइझियाना स्टेटला गेली आणि पहिल्याच हंगामात तिनं विजेतेपद मिळवलं. हेली व्हॅन लिथ तीन विद्यापीठांकडून खेळली. यावर आता उलटी कुरकुर ऐकू येते: मुली टिकत नाहीत, निष्ठा राहिली नाही. दर एप्रिलला निम्मा संघ नवा बघताना माझीही पंचाईत होते, हे कबूल करते. नावं पाठ होईपर्यंत हंगाम संपतो. पण निष्ठेचा हिशेब मागताना तो नेहमी एकोणीस वर्षांच्या मुलीकडेच का मागतात? सोफ्यावर बसून वचन दिलेल्या बाईंकडे कुणी मागितला नव्हता.

तर नोव्हेंबर २०१७. शुक्रवारी संध्याकाळी सातला सामना. तिची शेवटची अधिकृत मिनिटं मार्च २०१६ मधली, म्हणजे वीस महिने झालेले. मी एम.एस.च्या दुसऱ्या वर्षात, प्रबंधाच्या मध्यात, थंडीत चालत गेले आणि बेंचच्या मागच्या चौथ्या रांगेत बसले. ती आत आली, अंगावर स्वतःचा नंबर. निवेदकानं पहिल्या पाचात तिचं नाव घेतलं तेव्हा सरावातल्या त्या मुलांचं एक टोळकं कोपऱ्यात उभं राहून बोंबलत होतं. वर्षभर तिच्याबरोबर सोंगं वठवलेली तीच ती मुलं.

चेंडू उडाला. तिच्या हाताला पहिला चेंडू लागला तो तिचा नव्हता, समोरच्या मुलीचा. दिशा बदलली. मी नकळत बोटानं मांडीवर एक रेघ ओढली. मग तिनं एक रिबाउंड घेतला, एक शॉट चुकवला. नंतर, वीस महिने साठलेला सगळा उत्साह घेऊन, मागून जाऊन एका मुलीचा चेंडू काढायला गेली. शिट्टी. फाउल. एका मिनिटात परत तसंच. शिट्टी. दुसरा फाउल. घड्याळात पहिल्या क्वार्टरच्या दहा मिनिटांतली जेमतेम तीन गेली होती. कोचनी डोक्याला हात लावला आणि तिला बोलावून घेतलं. दोन फाउल झालेल्या खेळाडूला हाफटाइमपर्यंत जपून ठेवायचं असतं. ती येऊन बेंचवर बसली, बरोबर त्याच कडेच्या खुर्चीवर. पण घामानं निथळत. टॉवेल तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं झालं. मग टॉवेल खाली आला तर ती हसत होती, दात दिसतील अशी. मागं वळून चौथ्या रांगेकडे बघून तिनं हात वर केले: काय करणार!

मी बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन मिरजेला फोन लावला. तिथं सकाळ झाली होती, आजीचा पहिला चहा झालेला.

"खेळली का गं तुझी ती?"

"खेळली."

"किती वेळ?"

"तीन मिनिटं."

"मग?"

"मग परत बाहेर बसली."

आजी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मागून आईचा आवाज आला, काय झालं, काय झालं, पाणी देऊ का.